अखंड आस आणि घाटातले वळण

अक्कलकुव्याहून मोलगीकडे जाताना लागणारा देवगोईचा घाट, तळोद्याच्या बाजूने धडगावला नेणारा चांदसैलीचा घाट आणि शहाद्याकडून तोरणमाळला चढणारा रस्ता. नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर भागात जायचे तर बहुधा यांपैकी एखादा घाट चढावाच लागतो. तापीकाठच्या काळ्या जमिनीतून निघालेली गाडी सातपुड्याच्या बसाल्ट खडकावर येते आणि तोरणमाळला सुमारे ११५० मीटर उंची गाठते. मुख्य रस्ता डांबरी असला, तरी पाड्यांकडे जाणाऱ्या फाट्यांवर पहिल्या पावसातच मुरूम वाहून जातो आणि नारळाएवढे दगड वर येतात. या वाटांवर माणसांची, धान्याची आणि आजाऱ्यांचीही ने-आण मुख्यतः जीपच करते.

अक्राणी तालुक्यात शिकवणाऱ्या आमच्या एका शिक्षकमित्राने मध्यंतरी एक प्रश्न विचारला. त्यांच्या धाकट्या भावाकडे फोर व्हील ड्राइव्ह जीप आहे. तिची पुढची दोन्ही चाके स्वतंत्र सस्पेन्शनवर आहेत. दोन पावसाळ्यांत पुढचे जोड दोनदा निकामी झाले. तेव्हा कोणीतरी त्याला सुचवले, की पुढे जुन्या जीपसारखा अखंड आस बसवून घे. त्याचा तयार संच मिळतो आणि गाडी चार बोटे उंचही होते. मित्र म्हणाले, "सर, तुम्ही विज्ञानवाले. कोणता संच घ्यावा तेवढे सांगा."

प्रश्न गाडीचा दिसतो, पण त्यात तरफ, गुणोत्तर, घर्षण आणि गुरुत्वमध्य असे नववी-दहावीचे जवळजवळ सगळे यंत्रशास्त्र आले आहे. म्हणून त्याचे उत्तर येथे थोडे विस्ताराने देत आहोत.

बैलगाडीपासून सुरुवात

अखंड आस आपल्या परिचयाचा आहे. बैलगाडीची दोन चाके एकाच आसाच्या दोन टोकांना असतात. एक चाक दगडावर चढले, की आस तिरपा होतो आणि त्याच्याबरोबर सारी गाडी कलते. मात्र ही चाके आसावर मोकळी फिरतात, त्यामुळे वळणावर बाहेरचे चाक जास्त आणि आतले कमी फिरले तरी अडचण येत नाही.

जीपमध्ये चाकांना इंजिनाने फिरवायचे असते, म्हणून आस पोकळ केला जातो. या पोकळ नळीला गॅरेजमध्ये हौसिंग म्हणतात. तिच्या फुगीर भागात क्राऊन आणि पिनियन हे दाते असतात, आणि दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारे डिफरन्शियलही तेथेच असते. त्याची गरज किती आहे हे एका हिशोबाने समजेल. दोन चाकांमधले अंतर १.४ मीटर धरा. घाटातल्या पूर्ण उलट्या वळणावर, म्हणजे १८० अंशांत, बाहेरचे चाक आतल्यापेक्षा १.४ गुणिले ३.१४, म्हणजे सुमारे ४.४ मीटर जास्त चालते. वळण लहान असो वा मोठे, हा फरक तेवढाच राहतो. असे का, हे विद्यार्थ्यांना दोन समकेंद्री अर्धवर्तुळे काढून शोधायला सांगावे.

बैलगाडी आणि जीप यांच्यातला दुसरा फरक म्हणजे कमानीचे पाटे. आस आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये ते असतात, त्यामुळे आस कलला तरी गाडी तितकी कलत नाही.

स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये हे हौसिंग नसते. डिफरन्शियल सांगाड्याला पक्के केलेले असते. प्रत्येक चाक स्वतःच्या आडव्या भुजांवर वरखाली होते आणि त्याला शक्ती देणारा लहान दांडा दोन्ही टोकांना जोडाने वाकू शकतो. एका चाकाला धक्का बसला तरी दुसऱ्याला तो कळत नाही. शिवाय चाकाबरोबर वरखाली होणारे वजन कमी असल्याने त्याचे जडत्वही कमी असते. खडबडीत डांबरी रस्त्यावर चाक जमीन सोडत नाही आणि बसणाऱ्याची हाडे खिळखिळी होत नाहीत.

उत्पादक अखंड आसाकडून स्वतंत्र सस्पेन्शनकडे का वळले, ते यावरून लक्षात येईल. महिंद्राने १९४७ मध्ये मुंबईत विलिज जीप जोडायला सुरुवात केली, तेव्हा त्या गाडीचे पुढचे-मागचे दोन्ही आस अखंड होते. १९८५ मध्ये आलेल्या मारुती जिप्सीचेही तसेच होते. २०१० च्या थारमध्ये आणि २०२० च्या नव्या थारमध्ये पुढची चाके स्वतंत्र आणि मागचा आस अखंड आहे. उलट २०२३ मध्ये भारतात विक्रीस आलेल्या जिम्नीने दोन्ही आस अखंडच ठेवले, फक्त पाट्यांऐवजी गुंडाळीच्या स्प्रिंगा वापरल्या. अमेरिकेत टोयोटाच्या फोर व्हील ड्राइव्ह पिकअपला १९८५ पर्यंत पुढे अखंड आस होता. १९८६ च्या मॉडेलपासून तो गेला. दगडधोंड्यांत गाडी चालवणाऱ्या तेथल्या हौशी मंडळींना तो परत हवा होता. त्यातूनच असे तयार संच विकण्याचा व्यवसाय तेथे वाढला.

दगडात अखंड आस का बरा?

याची दोन कारणे आहेत. पहिले कारण तरफेचे. अखंड आसावर पाटे चाकांपाशी नसतात, बरेच आत असतात. चाकांमधले अंतर १४० सेंटिमीटर आणि पाट्यांमधले ८० सेंटिमीटर धरू. आस मध्याभोवती कलला आणि एक चाक १० सेंटिमीटर वर, दुसरे १० सेंटिमीटर खाली गेले, तर पाटा दबतो वा उघडतो फक्त ५.७ सेंटिमीटर. थोड्या दाबावर चाकाला बरीच हालचाल मिळते. एक चाक दगडावर असतानाही दुसरे खळग्यात जमिनीला टेकून राहते. टेकलेले चाकच गाडी ओढू शकते. हवेत लटकलेले चाक नुसते गरगरते, कारण साधे डिफरन्शियल जिकडे विरोध कमी तिकडे गती जाऊ देते.

दुसरे कारण पोटाखालच्या उंचीचे. अखंड आसाचे फुगीर हौसिंग जमिनीपासून किती उंच राहील, हे फक्त टायरवर ठरते. टायरचा व्यास ७१ सेंटिमीटर असेल, तर आसाचा मध्य सुमारे ३५ सेंटिमीटर उंच असतो. हौसिंग मध्यापासून १४ सेंटिमीटर खाली येत असेल, तर खाली २१ सेंटिमीटर मोकळी जागा उरते. गाडीत दोन माणसे असोत की बारा, ही जागा जवळजवळ तेवढीच राहते. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये मात्र डिफरन्शियल सांगाड्याला जोडलेले असल्याने भार वाढला की तेही खाली येते. रिकाम्या गाडीला जो दगड लागत नाही, तो भरलेल्या गाडीला लागतो.

याच गणितातून एका सार्वत्रिक गैरसमजाचेही उत्तर मिळते. जाड पाटे टाकून गाडी १० सेंटिमीटर उचलली, तर सांगाडा उचलला जातो. हौसिंग जिथल्या तिथे राहते. ते वर न्यायचे तर टायर मोठा हवा, आणि व्यास ५ सेंटिमीटरने वाढवला तर मिळतात फक्त अडीच सेंटिमीटर.

संच निवडताना काय तपासावे?

अशा संचात हौसिंग, डिफरन्शियल, आतले दांडे, चाकांचे हब व ब्रेक, सांगाड्याला जोडायच्या पट्ट्या, पाटे किंवा स्प्रिंगा, स्टिअरिंगचे नवे दांडे आणि लांब ब्रेकनळ्या असतात. काही संचांत यांतले निम्मेच भाग असतात. बाकीचे आपण जमवायचे असतात. किंमत पाहण्याआधी पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट, वजन. गाडी वजनकाट्यावर न्यावी. ऊसपट्ट्यात साखर कारखान्याचा काटा असतोच. आधी पुढची चाके, मग मागची, असे दोनदा वजन करावे. रिकामी गाडी आणि नेहमीच्या भाराची गाडी, असे दोन्ही आकडे घ्यावेत. पुढच्या चाकांवर येणाऱ्या वजनाला आस आणि पाटे पुरतील, तेही धक्क्यांची जादा शक्ती धरून, हे पाहावे.

दुसरी गोष्ट, माप आणि बाजू. आसाची रुंदी मागच्या आसाशी जुळावी. हौसिंगचा फुगीर भाग मध्यावर नसून एका बाजूला असतो. गिअरबॉक्सच्या मागच्या ट्रान्स्फर केसमधून पुढे जाणारा दांडा ज्या बाजूला, त्याच बाजूला तो फुगवटा हवा. हे चुकले तर बाकी सारे बरोबर असूनही संच निरुपयोगी ठरतो.

तिसरी गोष्ट, गुणोत्तर. जुन्या विलिज जीपच्या क्राऊनला ४३ आणि पिनियनला ८ दाते असत. म्हणजे चाकांच्या एका फेऱ्यासाठी प्रॉपेलर दांड्याचे ५.३७५ फेरे. पुढचे आणि मागचे गुणोत्तर एकच असले पाहिजे. मागे ४.५६ आणि पुढे ४.१० असे बसवले, तर चारही चाके जोडल्यावर पुढची चाके दर किलोमीटरला शंभर मीटरहून अधिक पुढे जाऊ पाहतात. चिखलात ती घसरून हा फरक भरून काढतात. डांबरावर घसरता येत नाही. मग दांडे पिळले जातात आणि जो भाग कमजोर तो तुटतो. गुणोत्तर मोजायला हौसिंग उघडावे लागत नाही. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी, दुसऱ्या आसाच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावावेत आणि हा आस भक्कम घोड्यांवर उचलावा. एक चाक धरून ठेवावे, दुसरे बरोबर दोन फेरे फिरवावे आणि प्रॉपेलर दांड्याचे फेरे मोजावेत. तेच गुणोत्तर. एक चाक धरल्यावर दुसऱ्याला एकाऐवजी दोन फेरे का द्यायचे, हा डिफरन्शियल समजला की नाही हे तपासणारा उत्तम प्रश्न आहे.

चौथी गोष्ट, पाटे की स्प्रिंगा. पाटा दोन कामे करतो. तो भार झेलतो आणि आसाला पुढेमागे, आडवे सरकू देत नाही. गुंडाळीची स्प्रिंग फक्त भार झेलते, त्यामुळे आस जागेवर ठेवायला वेगळे दांडे, त्यांचे रबरी बुश आणि सांगाड्यावरची जादा वेल्डिंग लागते. स्प्रिंगांची गाडी मऊ चालते. पण पाटा तुटला तर तालुक्याच्या गावी मिळतो, बसवणारा मिस्त्रीही मिळतो. आडवाटेला चालणाऱ्या गाडीत हा मुद्दा लहान नाही.

पाचवी गोष्ट, स्टिअरिंग आणि दांड्यांचे कोन. गाडी उचलली की प्रॉपेलर दांडा तिरपा होतो. दांड्यावरच्या साध्या क्रॉस जोडाचा कोन १० अंश असेल, तर पुढच्या भागाची गती प्रत्येक फेऱ्यात सुमारे दीड टक्का कमीजास्त होते. २० अंशांवर हाच फरक सहा टक्क्यांवर जातो. दोन टोकांचे जोड सारख्या कोनात असले, तर एकाचा फरक दुसरा भरून काढतो. नसले, तर थरथर सुरू होते आणि जोड लवकर झिजतो. तसेच स्टिअरिंगचा दांडा फार तिरपा झाला, तर खड्ड्यात चाक वरखाली होताच गाडी आपोआप वळू लागते. समोरून ट्रक आणि बाजूला दरी असताना हे परवडणारे नाही.

आता वळणाकडे

आतापर्यंतचे मुद्दे गाडी चढेल कशी याचे होते. घाटात ती उतरतेही आणि वळतेही. येथे मात्र उंचीची किंमत मोजावी लागते.

वळणावर गाडीचे दोन प्रकारे बिघडू शकते. चाके बाहेर घसरतील, किंवा गाडी बाहेरच्या चाकांवर उलटेल. घसरणे घर्षणांकावर ठरते. कोरड्या डांबरावर तो साधारण ०.८ असतो. उलटणे एका साध्या गुणोत्तरावर ठरते: चाकांमधले निम्मे अंतर भागिले गुरुत्वमध्याची उंची. हे गुणोत्तर घर्षणांकापेक्षा मोठे असेल, तर गाडी आधी घसरते. लहान असेल, तर घसरण्याआधीच उलटते.

उदाहरणासाठी एक काल्पनिक जीप घेऊ. वजन १५०० किलो, चाकांमध्ये १.४ मीटर अंतर, गुरुत्वमध्य ६५ सेंटिमीटर उंच. गुणोत्तर येते १.०८. ते ०.८ पेक्षा बरेच मोठे आहे. १५ मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी सुमारे ३९ किलोमीटरला ही गाडी घसरू लागेल. घसरणे वाईटच, पण चालकाला ते जाणवते आणि वेग कमी झाला की चाके पुन्हा पकड घेऊ शकतात.

आता बाजाराचा दिवस. आत दहा माणसे, एकूण ६०० किलो, एक मीटर उंचीवर. टपावर सहा माणसे, ३६० किलो, २.२ मीटर उंचीवर. प्रत्येक वजनाला त्याच्या उंचीने गुणून बेरीज करू: ९७५ अधिक ६०० अधिक ७९२, म्हणजे २३६७. भागिले एकूण वजन २४६०. गुरुत्वमध्य गेला ९६ सेंटिमीटरवर आणि गुणोत्तर उतरले ०.७३ वर. ते आता ०.८ पेक्षा लहान आहे. ताशी ३७ किलोमीटरला आतली चाके जमीन सोडतील. वेगातला फरक दोनच किलोमीटरचा, पण आता गाडी आधी घसरून सूचना देणार नाही, सरळ उलटेल. त्यात संच बसवून ती १० सेंटिमीटर उचलली, तर गुणोत्तर ०.६७ च्या आसपास येते आणि वेगमर्यादा ३५-३६ वर.

हे आकडेही उदार आहेत. वळणावर गाडी स्प्रिंगांवर बाहेर झुकते आणि गुरुत्वमध्य बाहेर सरकतो, म्हणून खरी मर्यादा यापेक्षा कमी असते. आत सरकलेल्या ज्या पाट्यांनी दगडात चाक जमिनीला टेकवून ठेवले, तेच पाटे वळणावर गाडीला जास्त झुकू देतात. ओल्या रस्त्यावर घर्षण कमी म्हणून गाडी आधी घसरते खरी, पण घसरते चाक कडेच्या दगडाला अडले की तीही उलटते. आणि संचासोबत ७१ ऐवजी ७६ सेंटिमीटरचा टायर टाकला असेल, तर वेगदर्शक काटा ४० दाखवताना गाडी प्रत्यक्षात ४३ ने धावत असते.

वर्गातला प्रयोग

एका फळीवर खेळण्यातला ट्रक आडवा ठेवा. खालच्या बाजूच्या चाकांना पातळ पट्टी लावा, म्हणजे तो घसरणार नाही. फळीची वरची कड हळूहळू उचला. ट्रक उलटेल त्या क्षणी फळीच्या कडेची उंची आणि तिचे जमिनीवरचे आडवे अंतर मोजा. उंचीला आडव्या अंतराने भागले, की वरचेच गुणोत्तर मिळते. आता टपावर ओल्या मातीचा गोळा ठेवून पुन्हा मोजा. नंतर तेवढाच गोळा ट्रकच्या हौद्यात तळाशी ठेवून मोजा. वजन तेच असताना उत्तर किती बदलते, ते मुलांना स्वतःच्या हाताने कळेल. मोलगी-धडगावकडची मुले होळीच्या आधीच्या भोंगऱ्या बाजाराला अशाच गाड्यांतून जातात. या आकड्याचा अर्थ त्यांना वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

मित्राला दिलेले उत्तर

कायद्याचा मुद्दा आधी सांगितला. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीतला तपशील निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ स्पष्ट केला. त्यामुळे आस बदलण्याआधी परिवहन कार्यालयात विचारणे आवश्यक आहे. अपघात झाल्यास विम्याचा प्रश्नही येथेच अडतो.

नंतर कामाचा मुद्दा. खाजगी जमिनीवर, दोन माणसे बसवून, नाल्यातून आणि दगडांतून गाडी न्यायची असेल, तर अखंड आस उत्तम. त्यातही सर्वांत कमी उंची वाढवणारा आणि पाट्यांचा संच निवडावा. भाऊ मात्र काळी-पिवळीसारखी माणसे नेतो. त्याच्या गाडीला संच नको, असे आम्ही सांगितले. निकामी झालेल्या जोडांची रबरी टोपणे बहुधा आधी फाटली असावीत. ती फाटली की आतले ग्रीस जाते, माती शिरते आणि पुढच्या काही दिवसांत जोड संपतो. दर पंधरा दिवसांनी गाडीखाली वाकून टोपणे पाहिली आणि फाटलेले लगेच बदलले, तर खर्च संचाच्या मानाने नगण्य येईल.

शेवटी त्यांना एक हिशोब करून पाठवला. टपावरची सहा माणसे उतरवली, तर गुरुत्वमध्य ९६ वरून ७५ सेंटिमीटरवर येतो आणि गुणोत्तर ०.७३ वरून ०.९३ वर जाते, म्हणजे पुन्हा ०.८ च्या सुरक्षित बाजूला. बाजाराच्या दिवशी सहा जणांचे भाडे बुडते, हे आम्हांलाही कळते. मित्रांनी तो कागद भावाला दाखवला आणि नंतर नववीच्या फळ्यावर सोडवून घेतला. उत्तर मुलांनी काढले. भाऊ टपावरचा कठडा काढायचा विचार करतो आहे, असे त्यांनी कळवले आहे.